सरकणारी बैठक

रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या एकेरी रोइंगचं सुवर्णपदक कोणाचं, हे शेवटी एका छायाचित्रावरून ठरवावं लागलं. न्यूझीलंडचा माहे ड्रायसडेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन या दोघांनीही 2000 मीटरचं अंतर 6 मिनिटं 41.34 सेकंदांत कापलं होतं. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबरी. फोटोत ड्रायसडेलच्या नावेचं नाक पुसटसं पुढे दिसलं आणि सुवर्ण त्याच्या गळ्यात पडलं.

त्याच तळ्यावर, त्याच स्पर्धेत तेरावा आलेला नावाडी होता तळेगाव रोहीचा. तालुका चांदवड, जिल्हा नाशिक. दत्तू बबन भोकनळ. विहिरी खोदून पोट भरणाऱ्या घरातला मुलगा 2012 मध्ये सैन्यात गेला, पुण्यात पहिल्यांदा वल्हं हातात धरलं आणि चार वर्षांत ऑलिंपिकला पोचला. त्याची सी गटाच्या अंतिम शर्यतीतली वेळ होती 6 मिनिटं 54.96 सेकंद. म्हणजे सुवर्णपदकाच्या वेळेपेक्षा चौदा सेकंदांहूनही कमी मागे. पुढे 2018 च्या आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या स्कल्स प्रकारात त्याने सुवर्ण मिळवलं, आणि 2020 चा अर्जुन पुरस्कारही.

दत्तूची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण या प्रकरणात मला त्याच्याबद्दल नाही, तो ज्याच्यावर बसला होता त्याबद्दल लिहायचं आहे. कारण दोन हजार मीटर सात मिनिटांच्या आत, म्हणजे ताशी सतरा किलोमीटरच्या वर सरासरीने, माणसाच्या अंगच्या बळावर पाण्यातून जायचं तर नुसतं बळ पुरत नाही. ते बळ वाया न घालवणारी बैठक लागते, आणि त्या बैठकीला वाकू न देणारा धातू लागतो. या दोन गोष्टी जुळून यायला शंभर वर्षं गेली.

पण ही बैठक आमच्या भागात किती जणांनी पाहिली असेल? जळगावजवळचं असोदा म्हटलं की लोकांना बहिणाबाईंचं माहेर आठवतं आणि हिवाळ्यात भरताची वांगी. नावेशी या गावाचा काही संबंध नाही. तापी आहे, पण ती वल्हवत शर्यत लावण्यासाठी नाही. त्यामुळे आधी ही बैठक दिसते कशी, ते सांगतो.

शर्यतीची एकेरी नाव आठ मीटरहून थोडी लांब असते आणि पाण्यापाशी तिची रुंदी जेमतेम एक फूट. नियमाप्रमाणे तिचं वजन किमान 14 किलो असावं लागतं, तेही बैठक, बूट आणि बाजूच्या लोखंडी दिसणाऱ्या हातांसकट; वल्ही तेवढी वेगळी. म्हणजे नावेपेक्षा नावाडी पाच-सहापट जड. नावेच्या पोटात दोन समांतर रूळ बसवलेले असतात, वीतभर अंतरावर, सुमारे ऐंशी सेंटिमीटर लांबीचे. त्यांच्यावर चार छोट्या चाकांची बैठक धावते. बैठकीला दोन भोकं असतात. ती शोभेची नाहीत. बसताना ज्या दोन हाडांवर आपलं वजन येतं, ती हाडं तिथे येतात. भोकं नसती तर तासाभराच्या सरावात कातडी सोलून निघाली असती. पायांपुढे एक तिरपी पाटी, तिच्यावर बूट पक्के स्क्रूने बसवलेले. पाय आत घातला की माणूस नावेला जोडला गेला. मग नाव उलटली तर? म्हणून प्रत्येक टाचेला एक दोरी असते. टाच ठरावीक सेंटिमीटरांपेक्षा वर उचलली जात नाही आणि जोर देताच पाय बुटातून निसटतो. शर्यतीआधी पंच ही दोरी ओढून बघतात. दोरी नसेल तर नाव पाण्यात उतरवू देत नाहीत.

सराव संपला की मुलं फडक्याने रूळ पुसतात. फडकं काळं होतं. चाकांखाली बारीक वाळू, घाम आणि घासून निघालेला ॲल्युमिनियमचा भुगा यांचं ते मिश्रण. रूळ पुसले नाहीत तर बैठक अडखळते, आणि शर्यतीत दोनशेच्या वर वेळा पुढे-मागे करणाऱ्या बैठकीने एकदा जरी अडखळून दाखवलं तरी लय गेली. नवख्यांच्या पोटऱ्यांवर रुळांच्या टोकांचे ओरखडेही असतात. त्यावरून जुने लोक ओळखतात, हा नवा आहे.

आता प्रश्न असा, की बैठक सरकवायचीच कशाला? कोकणातला मच्छीमार फळीवर घट्ट बसून वल्हं मारतो आणि त्याची होडी जातेच की.

जाते. पण फळीवर बसलेला माणूस वल्हं ओढतो ते पाठीने आणि दंडाने. पाय नुसते टेकू देतात. शरीरातले सगळ्यात दांडगे स्नायू मांडीत असतात, आणि ते स्थिर बैठकीवर जवळजवळ बेकार बसतात. गुडघे वाकवून मग पाय ताणायचे तर बसणाऱ्याला मागे सरकायला जागा हवी. आजच्या रोइंगमध्ये एका फटक्यातली निम्म्याच्या आसपास ताकद पायांतून येते, साधारण तिसरा हिस्सा कमरेतून आणि पाठीतून, उरलेली दंडांतून. वल्हं हातात असतं म्हणून आपल्याला वाटतं की हा हातांचा खेळ आहे.

हे गणित कळण्याआधीच नावाड्यांच्या अंगाला कळलं होतं. 1860 च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेतले शर्यतवाले गुळगुळीत लाकडी बैठकीवर चामड्याची विजार घालून, तिला चरबी चोपडून बसत आणि बुडावर पुढे-मागे घसरत. हास्यास्पद वाटतं, पण नाव वेगात जाई. न्यूयॉर्कच्या जॉन बॅबकॉकने विचार केला, माणसाने घसरण्यापेक्षा बैठकच का घसरू नये? 1857 पासून तो यावर प्रयोग करत होता. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, त्यात हा गृहस्थ उत्तरेच्या फौजेसाठी नकाशे काढत आणि हेरगिरी करत होता. युद्धानंतर तो पुन्हा नावेकडे वळला आणि 1870 मध्ये त्याने सहा वल्ह्यांच्या नावेत आपली बैठक बसवली: चामड्याने मढवलेली लाकडी चौकट, कडांना खाचा, आणि त्या खाचा घसरतील अशा दोन पितळी पट्ट्या. चाकं नव्हती, वंगणावरच काम. त्याचं मत असं होतं की युक्ती उत्तम आहे, पण सगळ्यांनी एकाच क्षणी सरकण्याइतकं कसब नावाड्यांत येणं अवघड.

ते कसब यायला तीन वर्षं लागली. 1873 मध्ये थेम्सवरच्या ऑक्सफर्ड-केंब्रिज शर्यतीत दोन्ही नावांत सरकत्या बैठका होत्या. केंब्रिजने 19 मिनिटं 35 सेकंदांत शर्यत मारली. तोवर इतक्या वेगाने कोणीच गेलं नव्हतं. त्यानंतर फळीवर बसून शर्यत लावायचा विचार कोणी केला नाही.

बैठक सरकू लागली आणि एक नवी पंचाईत झाली. पायांचा सगळा जोर वल्ह्याच्या ज्या टेकूवर येतो, तो टेकू तेवढा मजबूत हवा. आधी वल्हं नावेच्या काठावरच्या खुंटीला टेकत असे, म्हणून नाव रुंद करावी लागे. 1840 च्या दशकात इंग्लंडच्या टाइन नदीवरच्या हॅरी क्लॅस्परने टेकू नावेच्या बाहेर काढून लोखंडी हातावर बसवला. क्लॅस्पर कोळसाखाणीत राबून मग नावा बांधायला लागलेला माणूस. त्याच्या या बाहेर काढलेल्या हाताला रिगर म्हणतात. रिगरमुळे नाव अरुंद करता आली आणि तरी वल्ह्याला लांब दांडा मिळाला. क्लॅस्परच्या वेळी त्यावर हातांचा जोर येत होता. बॅबकॉकनंतर मांड्यांचा येऊ लागला.

आणि रिगर लवला की नुकसान होतं. नावाड्याने पाय ताणले, रिगर दोन बोटं मागे लवला, मग पात्याने पाणी पकडलं. त्या दोन बोटांत गेलेली ताकद नावेला मिळाली नाही. लोखंड जाड करावं तर नाव जड होते. म्हणजे हवा होता असा धातू जो हलका असेल, लवणार नाही आणि पाण्यात गंजणार नाही. अशी तीन कामं एका शुद्ध धातूकडून होत नाहीत. मिश्रधातूच लागतो.

मिश्रधातू काय चीज आहे हे जळगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. असोद्याहून सराफ बाजार पाच-सात किलोमीटरवर. चोख सोनं इतकं मऊ की त्याची बांगडी रोज घातली तर आकार बिघडेल. म्हणून मुशीत तांबं-चांदी टाकून बावीस कॅरेट करतात, टंच 916. आता गंमत अशी, की सोन्याला कडक करण्याचं काम चांदी फारसं करत नाही. ते तांबं करतं. सोन्याचा आणि चांदीचा अणू आकाराने जवळजवळ सारखा, तर तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा एक नवमांशाने लहान. धातू वाकतो तेव्हा आत अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. सगळे अणू सारख्या आकाराचे असले की थर सहज सरकतात. मध्ये लहान अणू घुसवले की रांग वाकडीतिकडी होते आणि सरकणं अडतं. सोनाराच्या मुशीत शतकानुशतकं हेच होत आलं आहे.

ॲल्युमिनियमच्या अणूचा आकार सोन्याच्या अणूच्या अगदी जवळचा. आणि त्याला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने बळकट केलं तेही तांब्यानेच. पण कसं केलं, ती गोष्ट सोनाराला ऐकवली तर तो चक्रावेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ॲल्युमिनियम हा राजेरजवाड्यांचा धातू होता, कारण मातीतून तो सहजी सुटा होत नसे. 1886 मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांना, एकमेकांचा पत्ता नसताना, वीज वापरून तो सुटा करायची एकच रीत सापडली. दोघांचंही जन्मसाल 1863. भाव कोसळला. पण शुद्ध ॲल्युमिनियम फार मऊ. पातेली झाली, डबे झाले, त्याच्यावर भार टाकायची कोणाची हिंमत नव्हती.

बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग इथे आल्फ्रेड विल्म नावाचा धातुशास्त्रज्ञ होता. बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी पितळेची असते. तिच्या जागी ॲल्युमिनियमचा एखादा कडक मिश्रधातू चालेल का, हा त्याच्यापुढचा प्रश्न. पितळेचं ओझं आणि पितळेची किंमत, दोन्ही सैन्याला नको होती. विल्मने लोहाराची वाट धरली. आपल्याकडे लोहार विळ्याला पाणी देतो ते तुम्ही पाहिलं असेल: पोलाद लाल होईस्तोवर तापवायचं आणि झटक्यात पाण्यात बुडवायचं. बाहेर काढलं की धार कडक. विल्मने ॲल्युमिनियममध्ये 4 टक्के तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम घातलं, 500 अंश सेल्सिअसच्या वर तापवलं, पाण्यात बुडवलं. कडकपणा मोजला. काही नाही. मऊच.

1906 मधली गोष्ट. सांगतात ती अशी, की मोजणी शनिवारी अर्धवट राहिली आणि उरलेली सोमवारी केली. सोमवारी तोच तुकडा शनिवारच्या मानाने कितीतरी कडक लागला. आधी त्यांना यंत्र बिघडल्याचा संशय आला. यंत्र ठीक होतं. मेजावर नुसता पडून राहिलेला धातू दोन दिवसांत आपोआप घट्ट झाला होता.

विल्मने पेटंट घेतलं, ड्यूरेन गावच्या कारखान्याने तो धातू काढला आणि ड्युरॅल्युमिन नावाने विकला. पहिल्या महायुद्धात झेपेलिनची हवाई जहाजं त्याच्याच सांगाड्यावर उडाली. पण असं का होतं, हे विल्मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. 1919 मध्ये अमेरिकेतल्या पॉल मेरिका आणि सहकाऱ्यांनी तर्क मांडला, आणि 1938 मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे गिनिए व इंग्लंडमध्ये जॉर्ज प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी तो पाहिला. तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये तांबं मीठ पाण्यात विरावं तसं विरतं. झटकन थंड केलं की त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, ते अडकून बसतं. मग तास-दिवस जातात तसे तांब्याचे अणू हळूहळू एकमेकांजवळ येऊन इवल्या चकत्या करतात, एखाद-दोन अणू जाडीच्या. लाखो-करोडो चकत्या. थरांना सरकायला आता जागोजाग अडथळा. पोलादाचा कडकपणा बुडवण्याच्या क्षणाचा असतो, याचा कडकपणा वाट पाहण्याचा. कारखान्यात याला एजिंग म्हणतात.

नावेला मात्र ड्युरॅल्युमिन फारसं मानवलं नाही, कारण त्यातलं तांबंच पाण्यात, विशेषतः खाऱ्या पाण्यात, गंज ओढवून आणतं. 1935 मध्ये एक वेगळा मिश्रधातू आला. आज त्याचा क्रमांक 6061. तांबं अगदी थोडं, मुख्य भर मॅग्नेशियम आणि सिलिकॉनची. 530 अंशांच्या आसपास तापवायचा, बुडवायचा, आणि मग मेजावर न ठेवता 160-175 अंशांच्या भट्टीत काही तास मुरवायचा. मऊ अवस्थेत तो जेवढ्या ताणाला कायमचा वाकतो त्याच्या पाचपट ताण आता सोसतो. नळीला टी-सिक्स असा शिक्का असतो, त्याचा अर्थ ही सगळी मेहनत झालेली आहे. सायकलच्या सांगाड्यापासून रिगरपर्यंत हा धातू सगळीकडे आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण दुकानदारसुद्धा तो पसरवतात. भट्टीत मुरवल्याने ॲल्युमिनियम बळकट होतं, ताठ होत नाही. भार टाकल्यावर ते किती लवेल, हा गुण अणूंच्या आपसातल्या बंधांवर ठरतो. कितीही भट्ट्या लावा, तो बदलत नाही. पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असतं, आणि जवळजवळ तिप्पट जडही. म्हणजे वजनाच्या हिशेबात दोघं बरोबरीत. मग ॲल्युमिनियमने साधलं काय? साधलं ते आकाराने. नळीचा व्यास दुप्पट करून तिची भिंत अर्ध्या जाडीची केली तर वजन तेवढंच राहतं आणि ताठपणा चौपट होतो. पोलादाच्या नळीची भिंत एवढी पातळ केली तर ती चेपून जाईल. ॲल्युमिनियम मुळात हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनात जाड व्यासाची, पुरेशा जाड भिंतीची नळी मिळते. चांगल्या नावेचे रिगर हाताला जाडजूड लागतात आणि उचलले की चकवतात, ते यामुळे. मिश्रधातूचं श्रेय अर्धंच, उरलेलं भूमितीचं.

जोडकामाचं दुखणं आहेच. टी-सिक्स नळी वेल्डिंगने जोडली की जोडाच्या आजूबाजूचा पट्टा पुन्हा तापतो, आतल्या कणांची रचना बिघडते आणि तेवढ्या जागेचं बळ बरंच उतरतं. रिगरला तडा जातो तो बहुधा तिथेच. म्हणून जाणता माणूस हंगामाच्या सुरुवातीला नवा रंग मारण्याआधी जोडांवरून नख फिरवून बघतो.

तडा काही जोडामुळेच जातो असं नाही, धातूत आत साठलेला ताणही तो पाडतो. या ताणाची सर्वांत प्रसिद्ध कहाणी हिंदुस्थानातली आहे आणि ती पुन्हा काडतुसाच्याच पितळेची. भुसावळजवळच्या वरणगावच्या आयुध निर्माणीमुळे जळगाव जिल्ह्याला काडतूस परकं नाही. त्याची पुंगळी 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्ताची. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी फौजेच्या लक्षात आलं की पावसाळ्यात ठेवलेल्या पुंगळ्यांना आपोआप चिरा पडतात. कोणी हात लावलेला नाही, गोळी झाडलेली नाही, तरी चीर. पावसाळ्यात मोहिमा बंद असत आणि दारूगोळा अनेकदा तबेल्यांत साठवला जाई. उलगडा 1921 मध्ये झाला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला दमटपणा, आणि पुंगळी खेचून घडवताना पितळेत उरलेला ताण, या तिघांची ती करणी. तिघांतला एक काढला तरी चीर पडत नाही. घोडे आणि पाऊस काढणं शक्य नव्हतं, म्हणून ताण काढला: घडवलेली पुंगळी मंद आचेवर थोडी तापवून निववायची. इंग्रजीत या प्रकाराला हंगामाचं नाव पडलं ते आपल्या पावसाळ्यामुळे.

पाण्यातल्या नावेला दुसरा एक धोका असतो, दोन धातूंच्या शेजाराचा. 1761 मध्ये इंग्रजी आरमाराने अलार्म नावाच्या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून ते वेस्ट इंडीजला पाठवलं. उद्देश लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून बचाव. दोनेक वर्षांनी पाहिलं तर तांबं ठणठणीत, पण ज्या लोखंडी खिळ्यांनी ते ठोकलं होतं ते खाऊन गेलेले. खारं पाणी मध्ये आलं की तांबं आणि लोखंड मिळून एक बॅटरी होते, आणि त्या बॅटरीत लोखंडाचा बळी जातो. काही खिळे मात्र शाबूत होते. तांब्याचा पत्रा ज्या खाकी कागदात गुंडाळून आला होता, तो कागद ठोकताना चुकून तिथे तसाच राहिला होता.

त्या कागदाचा वंशज आज अनेक रिगरमध्ये आहे. रिगर ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेस पोलादाचा. दोघांच्या मध्ये नायलॉनची चकती. ती हरवली आणि नाव खाडीत वापरली की काही महिन्यांत बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने याच बॅटरीचा उलटा उपयोग सुचवला: तांब्याला मुद्दाम जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडा, तो झिजेल आणि तांबं वाचेल. तांबं वाचलं, पण ते विरघळेनासं झाल्याबरोबर त्याचं विष पाण्यात उतरेना आणि जहाजाच्या तळाला शिंपले-शेवाळं भराभर चिकटू लागलं. आरमाराने डेव्हीची युक्ती तांब्यापुरती सोडून दिली. जस्ताचे बळी देण्याची पद्धत मात्र पोलादी जहाजांवर अजून चालू आहे.

आता परत बैठकीकडे येऊ, कारण तिची गोष्ट 1873 मध्ये संपली नव्हती.

सरकत्या बैठकीत एक मूळचा दोष आहे. नाव 14 किलोची, नावाडी ऐंशी-नव्वद किलोचा. फटका मारून झाल्यावर तो गुडघे वाकवत पायांच्या दिशेने सरकतो तेव्हा त्याचं शरीर एका बाजूला जातं आणि हलकी नाव उलट दिशेला, म्हणजे पुढे, झेप घेते. नावेचा सर्वांत जास्त वेग वल्हं पाण्यात असताना नसतो, ते हवेत असताना असतो. ऐकायला हे फायद्याचं वाटतं. पण पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी शक्ती घनाने. वेग दुप्पट तर शक्ती आठपट. त्यामुळे एकसारख्या वेगाने जाणाऱ्या नावेपेक्षा, सरासरी तीच ठेवून हिसके खात जाणारी नाव जास्त ताकद खाते.

उपाय सरळ होता: माणूस जागेवर राहू द्या, बाकीचं हलवा. बैठक पक्की करायची आणि पायांची पाटी व रिगर एका चौकटीवर जोडून ती चौकट रुळांवर सरकवायची. नव्वद किलोऐवजी आता पाच-सात किलो हलणार. कल्पना जुनी, पण लवणार नाही आणि जड होणार नाही अशी चौकट बनवायला चांगला धातू हाती यावा लागला. पश्चिम जर्मनीचा फोल्कर नोल्टे यावर काम करत होता, आणि 1981 मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पेटर-मिखाएल कोल्बे तशा नावेत बसून जिंकला. दोन वर्षांत एकेरीच्या अंतिम फेरीतले सहाच्या सहा जण सरकत्या रिगरवर होते.

आणि मग जागतिक रोइंग संघटनेने 1983 मध्ये त्यावर बंदी घातली. कारण दिलं खर्चाचं: नव्या नावा घेणं गरीब देशांना परवडणार नाही. मला ही बंदी पटते आणि खटकतेही. पटते, कारण दत्तू सैन्याच्या नावेत शिकला. जगाने त्या काळात सरसकट नावा बदलल्या असत्या तर आपल्यासारख्यांच्या वाट्याला वीस वर्षं जुनी नावच आली असती. खटकते, कारण त्याच संघटनेने कार्बन फायबरच्या नावेला अडवलं नाही, आणि ती काही कमी महाग नव्हती. नियमाने एक शोध थांबवला आणि दुसऱ्याला मोकळी वाट दिली, एवढंच.

कार्बन फायबरने 1970 च्या दशकापासून आधी नावेचा सांगाडा घेतला, मग वल्ही, मग बैठकीची पाटी, आणि महागड्या नावांत रिगरही. रूळ मात्र अजून बहुधा ॲल्युमिनियमचेच असतात, त्यावर ॲनोडायझिंगचा कडक थर चढवलेला. चाकांखाली रोज घासली जाणारी जागा कार्बनला मानवत नाही. रिगरमध्येही क्लबच्या नावांना ॲल्युमिनियमच बरं पडतं. कार्बनचा रिगर धक्क्यावर आपटला की आतून फुटल्याचं बाहेरून कळत नाही. ॲल्युमिनियमचा वाकडा होतो, आणि वाकडं झालेलं दिसतं.

महाराष्ट्रात हा सगळा प्रकार डोळ्यांनी बघायचा तर पुण्याला जावं. दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयात सैन्याचं रोइंग केंद्र आहे, आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा (2022 पासून ते विद्यापीठ आहे) बोट क्लब, त्याची रेगाटा पुणेकरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. धातूची बाजू बघायची तर नागपूरला. तिथे 1989 पासून ॲल्युमिनियमवर संशोधन करणारी जवाहरलाल नेहरूंच्या नावाची संस्था आहे. कच्चा माल तर घरचाच: राधानगरीच्या डोंगरातलं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जात आलं आहे.

एवढं लांब जायचं नसेल तर जळगावातली एखादी मोठी व्यायामशाळा चालेल. तिथे कोपऱ्यात बहुतेक एक रोइंग यंत्र धूळ खात पडलेलं असतं. अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये ड्रायसिगॅकर बंधूंनी 1981 मध्ये आपलं पहिलं असं यंत्र सायकलचं चाक लावून बनवलं. आज जगभर रोइंगपटूंची निवड त्यावरच्या आकड्यांवरून होते. ॲल्युमिनियमची एक लांब तुळई, तिच्या पाठीवर स्टेनलेस पोलादाची चकचकीत पट्टी, आणि तिच्यावर चाकांची बैठक. बसा, पाय पट्ट्यांत अडकवा, साखळीची मूठ धरा. बहुतेक जण आधी हातांनी ओढतात आणि दोन मिनिटांत दमतात. हात सरळ ठेवून आधी पाय ताणा, पाय पुरते सरळ होत आले की कंबर मागे न्या, आणि शेवटी मूठ पोटाशी ओढा. परतताना उलटा क्रम: हात, कंबर, मग गुडघे. आणि बसण्याआधी ती पट्टी फडक्याने पुसून घ्या.